शोफरची भट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

मालकाची मोटार चालवणाऱ्या पगारी चालकाला इंग्रजीत ‘शोफर’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. ‘शोफे’ म्हणजे तापवणे, आणि शोफर म्हणजे तापवणारा. आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याला आपल्याकडे फायरमन म्हणत. त्याचंच हे फ्रेंच नाव.

ते मोटारीला चिकटलं, कारण पेट्रोलच्या आधी फ्रान्सच्या रस्त्यांवर वाफेच्या गाड्या धावत होत्या. ले मान्सच्या आमेदे बोले यांनी १८७८ साली बांधलेल्या ‘ला मान्सेल’मध्ये इंजिन पुढे होतं आणि बॉयलर मागे. गाडी वळवणारा पुढे बसे, शोफर मागे बॉयलरपाशी.

जोखीम मागच्याची मोठी. आधी भट्टी पेटवून दाब चढेपर्यंत थांबायचं. मग वाटभर इंधन थोडं थोडं, सारखं पसरून टाकत राहायचं. थर जाड झाला की खालून हवा मिळत नाही, विस्तव कोंदतो. विरळ झाला की भोकांतून थंड हवा शिरते आणि दाब उतरतो. सगळ्यात जपायची ती बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली पातळी. पाणी खाली जाऊन भट्टीवरचा पत्रा उघडा पडला, की तो तापून मऊ होतो आणि आतल्या दाबाने फाटतो.

जुलै १८९४ मध्ये ‘ल पती जूर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिस ते रूआँ अशी १२६ किलोमीटरची स्पर्धा घेतली. सर्वांत आधी पोचली काउंट द दियों यांची वाफेची गाडी. तरीही पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही, कारण तिला वेगळा शोफर लागत होता आणि नियमाप्रमाणे गाडी हाताळायला सोपी हवी होती. ते बक्षीस पेजो आणि पानार-लव्हासोर यांच्या पेट्रोल गाड्यांत विभागलं गेलं. माझ्या मते हा निकाल रास्तच होता.

पण तापवण्याचं काम पेट्रोलच्या गाडीतही उरलंच. त्या वेळच्या अनेक इंजिनांत ठिणगी नव्हती. सिलिंडरला प्लॅटिनमची एक बारीक, बाहेरच्या टोकाला बंद असलेली नळी जोडलेली असे. बर्नर पेटवून ती लाल होईपर्यंत तापवायची, मगच हँडल फिरवायचं. दट्ट्याने दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या नळीत शिरून पेट घेई. जोराच्या वाऱ्याने बर्नर विझला की नळी निवे आणि इंजिन बंद पडे.

इंग्रजीत सुरुवातीला स्वतःची गाडी हाकणाऱ्या मालकालाही शोफरच म्हणत. विसावं शतक उजाडल्यावर काही वर्षांतच ते नाव पगारी माणसाकडे गेलं.