तांब्याचा पोचा

मंडळी, कोल्हापुरात कुणी आपल्या घराण्याची गोष्ट सांगायला लागला की तिसऱ्या वाक्याला शाहू महाराज येतात. कुणाच्या पणजोबांना बघून महाराजांनी खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, थांबवलेला असतो, कुणाच्या पाठीवर थाप मारलेली असते. या सगळ्या गोष्टी खऱ्या धरल्या तर १८९४ ते १९२२ या २८ वर्षांत महाराजांना दुसरं काही करायला सवडच मिळाली नसती.

आमच्या घरीही एक गोष्ट होती. पणजोबा पैलवान. आजी सांगायची, "प्लेगच्या साली मामंजींनी खासबागेत कुस्ती मारली. म्हाराजांनी सोताच्या हातानं फेटा बांधला." कॉलेजात गेल्यावर मला शहाणपण सुचलं. म्हटलं, आजी, प्लेगची साथ १९०० च्या आसपासची आणि खासबागेचं मैदान बांधून झालं १९१२ ला. मग कुस्ती झाली कुठं? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मैदान दुसरं असंल. कुस्ती मारली ती खरी."

पुरावा म्हणून घरात एक पितळी तांब्या होता. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला पणजोबा तोच घेऊन जायचे म्हणे. त्याच्या कुशीला पोचा पडलेला. एकदा राग आला, पण समोर धाकटा भाऊ होता म्हणून हात उगारला नाही, सगळा राग अंगठ्यानं तांब्यावर काढला, असं आजी सांगायची. लहानपणी मी त्या पोच्यात अंगठा बसवून बघायचो. दोन अंगठे मावायचे. आज धुणं धुताना दगडावर पडलेला तांब्या कसा दिसतो ते मला माहीत आहे, पण तेव्हा ते कळायचं वय नव्हतं, आणि कळायला नको होतं.

आता गंमत ऐका. आजी लग्न होऊन आली तेव्हा पणजोबा जाऊन चार वर्षं झालेली होती. तिनं मामंजींना पाहिलेलंच नव्हतं! सगळं सासूकडून ऐकलेलं. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरचा पैलवान घडवला तो चुलीपुढच्या दोन बायकांनी. त्यातल्या पहिलीचं, माझ्या पणजीचं, माहेर कुठलं हे आज आमच्यात एकालाही सांगता येत नाही. तिची गोष्ट सांगायला कुणी बसलंच नाही. याची मला खरोखर लाज वाटते.

आजीचं ठेवणीतलं वाक्य एकच : "भावाभावांत कोर्टाची पायरी आपल्या घरात कुणी चढलं न्हाई." घराची वाटणी निघाली तेव्हा चुलतभावानं रस्त्याकडची खोली मागितली. वकील म्हणाले, दावा ठोका, खोली तुमचीच आहे. मी घरी आलो, तांब्या समोर ठेवून तासभर बसलो आणि दुसऱ्या दिवशी सही करून मोकळा झालो. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

पुढं चुलतभावानं घर पाडायला काढलं. माळ्यावर एक ट्रंक निघाली, तिच्यात मोडीतले कागद. दोघंही मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींकडं गेलो. त्यांनी भिंग लावलं, एका कागदावर बोट फिरवत खाली गेले आणि मान वर न करता म्हणाले, "ही दाव्याची नक्कल आहे. घराच्या वाटणीची. वादी तुमचे पणजोबा."

"आणि प्रतिवादी?"

"धाकटे बंधू."

चुलतभाऊ आधी हसला, मग माझ्याकडं बघून गप्प झाला. बाहेर आल्यावर चहा पाजला आणि म्हणाला, "दादा, खोली परत पाहिजे काय?" मी नको म्हणालो. का म्हणालो, ते तेव्हा सांगता आलं नसतं. पायरी चढलेला माणूस वेगळा आणि मी ज्याच्यासारखं व्हायला बघत होतो तो वेगळा, हे उघडच झालं होतं. पण दावा पणजीच्या डोळ्यांदेखत झाला असणार. दोन घरांतलं बोलणं कसं तुटलं ते तिनं पाहिलं असणार. आणि सुनेला सांगताना तिनं नेमकं तेवढंच उलटं करून सांगितलं. खोली मी सोडली ती तिच्या शब्दाखातर.

मुलीला हे सगळं सांगितलं तर तिनं पहिला प्रश्न विचारला, "मग बाबा, दावा जिंकला कुणी?"

निकालाचं पान काही ट्रंकेत नव्हतं. आजी असती तर तिनं सांगितला असता निकाल, फेट्यासकट.