खांद्याचा खळगा

(पडदा काळा. फक्त श्वासाचा आवाज.)

हा श्वास माझाच आहे, आणि तो एवढा मोठा येतोय कारण कानात बोळे आहेत, वर मफ आहेत, बाहेरचं जग बंद आणि आतलं सगळं ऐकू येतंय, श्वास, छातीतली धडधड, अगदी आवंढा गिळल्याचा आवाजसुद्धा. समोर शंभर मीटरवर कागदाचं टार्गेट. हातात साडेचार किलोची रायफल, .४५८ विंचेस्टर मॅग्नम. हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचात. हे काडतूस १९५६ साली आलं, हत्ती आणि रानरेड्यासारख्या जनावरांसाठी बनवलेलं. मी मात्र आयुष्यात कुठलंच जनावर मारलेलं नाही आणि मारायची इच्छाही नाही. मला फक्त कागदाला भोक पाडायचंय. आणि त्या भोकासाठी उद्या उजवा खांदा काळानिळा होणार आहे हे मला आत्ताच माहितीये.

तरी मी हसतोय. बघा, दिसतंय का हसू?

(स्लो मोशन. खांदा आणि गाल, अगदी जवळून.)

आता हे बघा. चाप ओढला. नळीच्या तोंडाशी अजून काहीच दिसत नाहीये, पण आत दारू पेटलीये, ३२ ग्रॅमची गोळी नळीतून पळत सुटलीये आणि रायफलने मागे यायला सुरुवात केलीये. गोळी बाहेर पडायला लागतो साधारण सेकंदाचा हजारावा भाग, किंवा त्याहून थोडा जास्त. तेवढ्यात रायफल किती मागे आली? जेमतेम चार-पाच मिलिमीटर. म्हणजे गोळी निघून गेली, तिचं जे काय व्हायचं ते ठरलं, आणि माझ्या खांद्याला अजून नीट कळलेलंही नाही. आता इथे लाट आली बघा, शर्टाची घडी दबली, खांदा मागे गेला, गालाचं मांस थरथरलं, टोपी उडाली. हे सगळं नंतरचं आहे. दुखणं नेमाच्या आड येतच नाही, ते नेहमी उशिराच पोचतं.

हा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ मागे-पुढे करून बघत बसलो होतो, कारण मी तोपर्यंत समजत होतो की धक्क्यामुळे माझा नेम चुकतो. धक्क्यामुळे नाही चुकत. धक्क्याच्या भीतीने चुकतो.

(रेंजवर वेगवेगळ्या रायफली मांडलेल्या. कॅमेरा सावकाश फिरतो.)

आधी हिशेब सांगतो, कारण हिशेब कळला की धक्क्याबद्दलचा आदर वाढतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय. गोळी पुढे, बंदूक मागे. पण नुसती गोळी नाही, जळलेल्या दारूचा गॅससुद्धा पुढे जातो आणि तो गोळीच्या जवळपास दुप्पट वेगाने जातो, त्यामुळे त्याचाही वाटा बऱ्यापैकी असतो. हे सगळं मिळून बंदुकीला मागे ढकलतं. मग ती कितीच्या वेगाने मागे येईल हे ठरतं तिच्या वजनावर. वजन दुप्पट केलं तर वेग निम्मा आणि धक्क्याची ऊर्जाही निम्मी.

आकडे नुसते ऐकून डोक्यात बसत नाहीत, म्हणून मी असं समजून घेतो. .२२ ची रायफल, ज्यावर बहुतेक सगळेच शिकतात, तिचा धक्का म्हणजे तीच रायफल अर्ध्या सेंटिमीटरवरून बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या मागच्या टोकाच्या बाजूने खांद्यावर ठेवल्यासारखा, कळतसुद्धा नाही. .३०८ म्हणजे साडेतीन किलोची रायफल अर्ध्या मीटरहून जरा जास्त उंचीवरून खांद्यावर पडली. आणि ही माझी .४५८, साडेचार किलो, दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून. कल्पना करा, तुम्ही आडवे झोपलाय आणि कोणीतरी डोक्याएवढ्या उंचीवरून रायफल बट खाली करून तुमच्या खांद्यावर सोडून दिली. एकदा नाही, दिवसभरात वीसदा. .७०० नायट्रो एक्सप्रेस नावाचं काडतूस आहे, १९८८ चं, त्याची हॉलंड अँड हॉलंडने काढलेली दुनळी आठ किलोची असते आणि तिचा हिशेब दोन मीटरच्याही बराच वर जातो. ती मी झाडलेली नाही. झाडायची आहे.

अमेरिकन लष्कराचे शस्त्रांच्या चाचणीसाठी याबद्दल नियम आहेत. धक्का साधारण २० जूलच्या आत असेल तर माणसाने दिवसभरात कितीही गोळ्या झाडाव्यात, पुढे टप्प्याटप्प्याने २००, १००, आणि ६१ ते ८१ जूलच्या मध्ये असेल तर दिवसाला फक्त २५. त्याच्यावर खांद्यावरून झाडायचीच नाही. माझी रायफल त्या २५ वाल्या खान्यात येते. मी २० वर थांबतो.

(जुने काळे-पांढरे फोटो.)

पूर्वीच्या लोकांकडे असला कुठला तक्ता नव्हता. त्यांच्या बंदुकांची मापंच वेगळी, बोअर म्हणायचे, म्हणजे एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या किती गोळ्या होतील तो आकडा. १२ बोअर म्हणजे बारा गोळ्या. ४ बोअर म्हणजे चारच, एकेक गोळी पाव पौंडाची, शंभर ग्रॅमच्या वर. आणि २ बोअर म्हणजे काय ते आता तुम्हीच करा हिशेब. नाईल नदीच्या उगमाच्या शोधात फिरणाऱ्या सॅम्युएल बेकरकडे तशी एक होती, नऊएक किलोची, अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी. तिचं लाडाचं नाव होतं बेबी. त्याच्या अरब साथीदारांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थ तोफेचं पिल्लू. बेकर चांगला धिप्पाड गडी होता आणि तरी ती त्याला गरकन फिरवायची, तो स्वतःच ती झाडायला बिचकायचा, असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. मला तो माणूस या एका कबुलीसाठी आवडतो.

फ्रेडरिक सेलूस या इंग्रज शिकाऱ्याची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १८७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो आफ्रिकेत गेला आणि पहिली काही वर्षं ठासणीच्या ४ बोअर बंदुकांनी हत्ती मारत फिरला. दारू मोजायची वगैरे भानगड नाही, पिशवीत हात घालायचा आणि मूठभर दारू नळीत ओतायची. एकदा बार उडालाच नाही, आणि गडबडीत त्याच बंदुकीत दुसऱ्यांदा दारू-गोळी ठासली गेली. मग जेव्हा उडाला तेव्हा सेलूस जमिनीवरून उचलला जाऊन तोंडावर आपटला, बंदूक मागे लांब जाऊन पडली, गाल फाटला, उजवा हात काही वेळ उचलेना. पण यातलं मला चटका लावणारं वाक्य वेगळंच आहे. पुढे त्याने लिहिलं की या बंदुकांनी माझ्या नसांवर असा परिणाम केला की नंतर आयुष्यभर माझा नेम बिघडला, त्यांच्या वाटेला गेलोच नसतो तर बरं झालं असतं. एवढा नावाजलेला शिकारी. खांदा बरा झाला, गाल बरा झाला, पण मनाने जी दचक धरली ती गेली नाही.

(पुन्हा रेंज. नवशिक्याचा हात थरथरतोय.)

या दचकीला शूटिंगवाले फ्लिंच म्हणतात. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, नळी खाली झुकते. माणसाला एखाद्या गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला सेकंदाचा सहावा-पाचवा भाग तरी लागतो आणि गोळी तर हजाराव्या भागात गेलेली असते, म्हणजे धक्क्याला घाबरून आपण जे करतो ते धक्का बसायच्या आधी करून बसलेले असतो. शरीर मागच्या वेळचं दुखणं आठवून या वेळची गोळी बिघडवतं. आणि शरीर अजिबात चुकत नाहीये हो, त्याचं कामच आहे ते, जिथून मार बसतो तिथून मागे सरकायचं. त्याला समजावणं हाच सगळा खेळ आहे.

लोक मला विचारतात, दुखतं तर करतोस कशाला. खरं उत्तर असं आहे की ज्या गोळीला मी डोळे उघडे ठेवू शकलो, नळीच्या तोंडाशी जाळ पाहू शकलो आणि मग तो धक्का माझ्यातून आरपार गेला, पाठीतून, कमरेतून, टाचांपर्यंत, ती गोळी लागली की नाही हे बघायच्या आधीच मला कळलेलं असतं की ती लागली. त्या क्षणी मी इतका पूर्ण तिथे असतो की दुसरं काही डोक्यात मावतच नाही. रोजच्या आयुष्यात मला असं कुठे होता येत नाही. पॉल रोझिन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जिभेला जाळणारी मिरची लोक आवडीने का खातात याचा अभ्यास केला आणि या प्रकाराला निरुपद्रवी आत्मपीडन अशा अर्थाचं नाव दिलं. शरीर ओरडतंय धोका धोका, आणि मनाला माहितीये की धोका नाहीये, या दोन्हीच्या फटीत मजा असते. मला ते पटतं, पण बंदुकीच्या बाबतीत एक अट आहे, की धोका नाहीये हे खरंच खरं असलं पाहिजे.

म्हणून आता पकड बघू.

(जवळून. बट खांद्यात बसवताना.)

छाती आणि खांदा जिथे मिळतात तिथे एक खळगा असतो, हात पुढे उचलला की जाणवतो. बट तिथे. गळपट्टीच्या हाडावर नाही, दंडावर तर नाहीच. आणि घट्ट, अगदी मिठी मारल्यासारखं घट्ट. नवीन माणूस घाबरून बट खांद्यापासून किंचित लांब धरतो, त्याला वाटतं कमी लागेल, होतं उलटं, त्या बोटभर फटीत रायफल सुसाट सुटते आणि मग आदळते. घट्ट धरली की ती तुमचं वजन सोबत घेऊन मागे जाते. उभं राहून झाडा, थोडं पुढे झुकून, म्हणजे शरीराला डोलायला जागा मिळते. टेबलावर टेकून झाडलं की जास्त लागतं, पालथं पडून झाडलं तर सगळ्यात जास्त, कारण मागे जायला जागाच नाही. माझा सगळ्यात वाईट दिवस असाच होता, टेबलावर बसून, वर दुर्बीण लावलेली, आणि डोळा तिच्या दोन बोटं जास्त जवळ. भुवईवर अर्धचंद्र कापला गेला, रक्त डोळ्यात. तो व्रण आहे अजून, हा इथे.

बटाला जाड रबराचा पॅड असतो, तो धक्का कमी करत नाही, तो पसरवतो, जास्त वेळात आणि जास्त जागेवर, आणि खांद्याला तेवढा फरक खूप असतो. मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाला भोकं पाडलेला तुकडा, गॅस बाजूला आणि मागे वळवतो, त्याने धक्का खरोखर कमी होतो, कधी कधी निम्म्याच्या आसपास. पण तोच गॅसचा भडका बाजूच्या माणसाच्या कानावर येतो. अशा रायफलींचा आवाज १६० डेसिबलच्या वर असतो, आणि १४० च्या वरचा एकच आवाज कान कायमचा बिघडवायला पुरतो. खांदा आठवड्यात बरा होतो. कान होत नाहीत. बोळे आणि मफ दोन्ही, दर वेळी, बघणाऱ्यांनीसुद्धा.

वजन आणि ब्रेक काय करू शकतात ते बघायचं तर या दोन शेजारी ठेवा. १९१८ ची जर्मन माउझर, रणगाड्यांवर झाडायची, १३.२ मिलिमीटरची, सतराएक किलो, एका वेळी एक गोळी, ना ब्रेक ना मऊ पॅड. सगळा मार सैनिकाच्या खांद्यावर. आणि ही १९८२ ची बॅरेट, पॉइंट फाइव्ह झिरोची, चौदाएक किलो, तोंडाला बाणाच्या टोकासारखा ब्रेक आणि नळीच स्प्रिंगवर मागे सरकते. काडतूस राक्षसी आहे, पण हलक्या मॅग्नम रायफलींचे मार खाल्लेल्या माणसाला तिचा धक्का ढकलल्यासारखा वाटतो, मारल्यासारखा नाही.

रिव्हॉल्व्हरचं वेगळंच. २००३ ची .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम, लांब नळीची असली तर दोन किलोची. इथे खांदाच नाही, सगळं मनगटावर, आणि नळी मुठीच्या वर असल्यामुळे ती मागे येण्यापेक्षा वर कपाळाकडे उसळते. पहिल्यांदा झाडणाऱ्याच्या हातात देताना आत एकच काडतूस भरायचं, कारण धक्क्याच्या गडबडीत बोट पुन्हा चापावर आवळलं जाऊ शकतं आणि तेव्हा नळी कुठे असेल सांगता येत नाही. यावर मी कोणाशी वाद घालत नाही. एकच.

(संध्याकाळ. रेंज जवळजवळ रिकामी.)

दिवसाचा शेवट मी नेहमी एकाच गोष्टीने करतो. मित्र माझ्याकडे पाठ करून रायफल भरतो. कधी खरं काडतूस, कधी पोकळ, नुसतं सरावाचं. मला सांगत नाही. मी रायफल घेतो, खळग्यात बसवतो, गाल टेकवतो, आणि चाप हळूहळू, हळूहळू दाबत जातो. पोकळ निघालं तर नुसता टक आवाज येतो, आणि त्या टकला नळी खाली झुकली की समजायचं, दचक परत आलीये. मग आठवडाभर मोठी रायफल बंद, नुसती .२२.

आज सोळा गोळ्या झाल्यात. खांदा ठणकतोय, आत ऊब पसरल्यासारखं वाटतंय. मित्राने भरली. नळीच्या टोकावर नाणं ठेवलं.

(नळीचं टोक, नाणं, अगदी जवळून.)

चाप.

टक.

नाणं जागेवर.

त्याने नाणं उचललं, पाठ केली, आणि पुन्हा भरायला घेतली.