पदवी सोलापूरची, परवाना तिकडचा

(सोलापुरात बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीचे इंटर्न आणि त्यांचे पालक यांच्यापुढं झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

"सर, चार वर्षं शिकलो, वर एक वर्ष इंटर्नशिप केली, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी झाली. मग अमेरिकेत पुन्हा कॉलेजात का बसायचं?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो. आपल्या पदवीवर त्यांचा विश्वास नाही, असा अर्थ मुलं लावतात.

आता असं बघा. परदेशात दंतवैद्यक शिकून परत आलेल्या आपल्याच मुलाला आपण तरी थेट खुर्चीवर बसू देतो का? नाही, त्याला स्क्रीनिंग टेस्ट द्यावी लागते. परवाना देणारी संस्था पेशंटच्या बाजूनं बसलेली असते. तुमच्या पाच वर्षांच्या कष्टाशी तिला फारसं देणंघेणं नसतं. आपल्या एमआयडीसीतला टॉवेल परदेशी जातो, तेव्हा इथं कितीही तपासलेला असला तरी घेणारा आपल्या मापानं पुन्हा तपासतोच. कारखानदार त्यावर रुसून बसत नाही.

काही पालक मला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण देतात. आपल्या सोलापूरचा माणूस, १९३८ साली चीनला गेला, त्याला कुणी परीक्षेला बसवलं? खरंय, नाही बसवलं. तिथं युद्ध चालू होतं, जखमी येत होते आणि सर्जन हवे होते. तुमची मुलगी मात्र टोरांटोच्या एखाद्या क्लिनिकमध्ये काम करायला निघालीय, तिथं घाई कुणालाच नाही.

सर्वांत लांबची वाट अमेरिकेची. तिथं अख्ख्या देशाचा एक परवाना नसतो, प्रत्येक राज्य आपापला देतं. आणि बहुतेक राज्यांना दंत महाविद्यालयं तपासणाऱ्या 'कोडा' या संस्थेची मान्यता असलेल्या कॉलेजचं शिक्षण हवं असतं. ही मान्यता आपल्या कॉलेजांना नाही. म्हणून आपला बीडीएस तिथं 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग'च्या, म्हणजे परदेशी पदवीधरांना मधूनच प्रवेश देणाऱ्या अभ्यासक्रमाला जातो. तो दोन ते तीन वर्षांचा असतो, आणि शेवटी डीडीएस किंवा डीएमडी पदवी मिळते. या दोन्हींत फरक फक्त नावाचा आहे, त्यावरून वाद घालत बसू नका. फी आणि राहण्याचा खर्च मिळून आकडा सहज कोटीच्या पुढं जातो, म्हणून घर गहाण टाकायच्या आधी पालकांनी हे नीट ऐकावं. परवान्यासाठी लागणारी 'आयएनबीडीई' ही लेखी परीक्षा ५०० प्रश्नांची, दीड दिवस चालते आणि निकाल फक्त पास किंवा नापास. पूर्वी तिचे दोन भाग होते. ती पद्धत आता बंद झाली, तेव्हा सीनिअरनं प्रेमानं दिलेल्या जुन्या नोट्सचा गठ्ठा प्रेमानंच परत करा. यानंतरही राज्यागणिक अटी वेगळ्या असतात. न्यूयॉर्कला वर रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. म्हणून आधी राज्य ठरवा, मग कॉलेज शोधा. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, कारण चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पुन्हा पदवी न घेता परीक्षेनं जाता येतं. कॅनडात 'एनडीईबी' हे परीक्षा मंडळ आधी मूलभूत ज्ञानाची लेखी परीक्षा घेतं आणि पुढं हाताच्या कामाची परीक्षा ओटावात होते. ऑस्ट्रेलियात 'एडीसी' ही दंत परिषद आधी कागद तपासते, मग लेखी आणि शेवटी मेलबर्नला प्रात्यक्षिक घेते. इंग्लंडमध्ये परदेशी पदवीधरांसाठी 'ओआरई' ही परीक्षा आहे. तिचे दोन भाग, आणि पहिल्या भागाला पहिल्यांदा बसल्यापासून पाच वर्षांत दुसरा पास व्हायला हवा. तिथं अभ्यासापेक्षा जागा मिळवणं अवघड झालंय. तारीख उघडली की काही वेळातच जागा संपतात. जर्मनीला जायचं तर भाषा आधी. पेशंटशी बोलणं, सहकाऱ्याशी बोलणं आणि लेखी अहवाल, अशी वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा असते. आखाती देशांची वाट त्यामानानं जवळची, पण तिथंही कागदांची पडताळणी आणि संगणकावरची परीक्षा चुकत नाही.

आता माझा खरा मुद्दा. आपली हुशार मुलं या परीक्षांत का अडकतात? ज्ञान कमी पडतं म्हणून फार थोडी अडकतात. बाकीची सवयींत अडकतात.

एक उदाहरण देतो. आपण कॉलेजात शिकतो त्या पद्धतीत १६ नंबरचा दात म्हणजे वरच्या जबड्यातली उजवी पहिली दाढ. अमेरिकेत दात १ ते ३२ मोजतात. तिथं हीच दाढ ३ नंबरची, आणि १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. रेफरलच्या चिठ्ठीवर लिहिलंय '१६ काढा', आणि तुमचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं उजवीकडं गेला, तर तुम्ही चांगली दाढ काढून मोकळे. इंग्लंडमध्ये पुन्हा तिसरी पद्धत भेटते, काटकोनाच्या खुणेची.

दुसरं, हृदयाच्या झडपेचा आजार असलेला पेशंट. हृदयाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यायचं का? अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं २००७ साली ते फक्त जास्त जोखमीच्या पेशंटपुरतं ठेवलं. इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं २००८ साली सरसकट देऊच नका म्हणून सांगितलं. पेशंट तोच, पुस्तकही एकच वाचलेलं, पण उत्तर कुठं बसून लिहिता त्यावर ठरतं. मुलं भारतीय पुस्तकातलं उत्तर लिहून येतात आणि पेपर सोपा गेला म्हणून फोन करतात.

प्रात्यक्षिकात तर हे जास्तच दिसतं. प्लास्टिकचे दात, पुतळ्याचं डोकं, समोर घड्याळ. कॅव्हिटी सुंदर कापली, पण शेजारच्या दाताला बर, म्हणजे ड्रिलचं फिरतं टोक लागलं, तर तो ओरखडा महागात पडतो. आपल्याकडं वरच्या दाढेवर काम करताना बरेच जण मान वाकडी करून थेट बघतात. तिथं आरशात बघूनच काम करायचं असतं. ग्लोव्ह घातलेल्या हातानं चष्मा सारखा केला, ड्रॉवर उघडला, तरी परीक्षक लिहून घेतो. ओपीडीत दिवसभर पेशंट तपासून हात चालायला लागला की याच गोष्टी सुटतात, आणि या सवयी मोडायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून इंटर्नशिपमध्येच रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा लावा. शिक्षक हसले तरी लावा.

आपलं बळ कुठं आहे तेही सांगतो. सुपारी, गुटखा यांमुळं तोंड दोन बोटंही न उघडणारा पेशंट तुम्ही इथं सर्रास बघता. तोंडातला, कर्करोगाकडं जाऊ शकणारा पांढरा चट्टा बघून पोटात गोळा येणं म्हणजे काय, हे तिकडच्या विद्यार्थ्याला कित्येकदा पुस्तकातूनच कळतं. आणि एका सकाळी मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत 'रूट कॅनाल म्हणजे काय' समजावणारा मुलगा परीक्षेतल्या संवादाच्या स्टेशनवर, म्हणजे पेशंटशी बोलण्याच्या टप्प्यावर घाबरायचं कारणच नाही. फक्त पेशंटला आधी विचारायचं, मग सांगायचं, मग त्याची संमती घ्यायची. "काही होत नाही मावशी, आ करा" हे तिथं चालणार नाही.

आता कागद. हसू नका, इथंच सर्वांत जास्त वेळ जातो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. आधारवर तिसराच. त्यात लग्न झालं की मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि पदवीवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी बाई उभी राहते. शहराच्या पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू घरांत तर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन भावांचं दोन तऱ्हेचं असतं. परदेशातली संस्था ओळखीनं चालत नाही. तिला अक्षर न् अक्षर जुळायला हवं, नाहीतर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद मागते. माझं मत विचाराल तर परदेशात जायचं पक्कं असेल तर नाव बदलूच नका. सासरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अभ्यासक्रम आणि गुणांचे अधिकृत उतारे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून निघतात, चांगल्या वर्तनाचा दाखला राज्य परिषदेकडून. पुष्कळ ठिकाणी हे कागद तुमच्या हातचे चालत नाहीत, ते संस्थेकडून थेट तिकडं जावे लागतात किंवा मूळ संस्थेकडून पडताळले जातात. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर पुढचं सगळं तिथंच थांबतं. ओआरईसाठी पेशंटवर स्वतः केलेल्या कामाचे १६०० तास दाखवावे लागतात. इंटर्नशिपचे तास त्यासाठी उपयोगी पडतात, पण डीनच्या सहीचं पत्र आत्ताच घ्या. डीन बदलल्यावर जुन्या रजिस्टरची धूळ कोण झटकणार?

मागच्या रांगेतून एका पालकांनी विचारलंय, एजंटाकडं जावं का? अर्ज भरायला मदत घ्यायची तर घ्या. पण ओआरई घेणारी इंग्लंडची जनरल डेंटल कौन्सिल, कॅनडाची एनडीईबी, ऑस्ट्रेलियाची एडीसी या सगळ्यांकडं उमेदवाराला स्वतः अर्ज करता येतो आणि नियम त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. 'परवाना मिळवून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आणि एमडीएस, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी केली की परीक्षा माफ होते का, हा दुसरा प्रश्न. साधारणपणे नाही. त्यामुळं तीन वर्षं आणि एवढे पैसे केवळ त्या आशेवर घालू नका. ऑर्थो, म्हणजे दात सरळ करण्याचं काम मनापासून आवडत असेल तर जरूर करा.