बर्फातला जीव : घरचा की पाहुणा?

मंडळी, हिमनदीवरच्या सूक्ष्मजीवांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'एवढ्या थंडीत ते जगतात कसे?' त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळतं. पेशीचं पटल थिजू नये म्हणून त्यातली मेदाम्लं बदलतात, काही जिवाणू बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनं तयार करतात. हिमनदीवर नमुने गोळा करणाऱ्या आम्हाला घोर असतो तो वेगळाच. बाटलीत सापडलेला जिवाणू बर्फातला, की आमच्याबरोबरच वर गेलेला?

खोल बर्फ वितळवला तर एका मिलिलिटरमध्ये कधी काही शेच पेशी निघतात. त्या बाटलीवर कुणी शिंकलं तर पाहुणेच जास्त व्हायचे.

व्होस्टॉकचंच बघा. अंटार्क्टिकातलं हे सरोवर पावणेचार किलोमीटर बर्फाखाली आहे. रशियन शास्त्रज्ञ 5 फेब्रुवारी 2012 रोजी 3,769 मीटरवर त्याच्या पाण्याला पोहोचले. जगभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण एवढ्या दाबाखाली बर्फात पाडलेलं विंधणाचं भोक मिटत जातं, म्हणून त्यात रॉकेल आणि फ्रिऑन नावाचं रसायन भरलेलं होतं. रॉकेलवर जगणारे जिवाणू असतात. 2013 मध्ये 'अनोळखी जिवाणू सापडला' अशी बातमी आली, आणि लगोलग त्यांच्याच गोटातून तो पाहुणाच असावा अशी शंका निघाली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते विंधण मुळात हवामानाचा इतिहास वाचण्यासाठी सुरू झालं होतं, सरोवरासाठी नव्हे.

त्या बातमीच्या थोडं आधी, जानेवारी 2013 मध्ये, अमेरिकन तुकडी पश्चिम अंटार्क्टिकात व्हिलन्स सरोवरापर्यंत गेली होती. तिथे बर्फ 800 मीटरच्या आसपास. त्यांनी गरम पाण्याच्या झोतानं बर्फ वितळवत भोक पाडलं. ते पाणी आधी गाळलेलं, अतिनील किरणांखालून नेलेलं, वर तापवलेलं. खाली सोडायच्या उपकरणांना हायड्रोजन पेरॉक्साइड या जंतुनाशकाची आंघोळ. एवढ्या सोवळ्यानंतर जे पाणी वर आलं त्यात मिलिलिटरला सुमारे 1.3 लाख पेशी निघाल्या. सूर्यप्रकाशाचा पत्ता नाही. तिथले जिवाणू अमोनियम, मिथेन, खडकातलं गंधक यांच्यावर गुजराण करतात. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा फारशी खळखळ झाली नाही. माझ्या मते 1.3 लाखांच्या आकड्यापेक्षा ती आंघोळ महत्त्वाची.

नमुना घेताना आम्ही वारा तोंडावर घेऊन उभे राहतो, म्हणजे आपल्या अंगावरचं नमुन्यावर उडत नाही. एक निर्जंतुक बाटली नुसती उघडायची, त्यात काही न भरता झाकण लावायचं आणि ती इतर बाटल्यांबरोबर प्रयोगशाळेत न्यायची. गाळण, रंग देणं, डीएनए काढणं, सगळे संस्कार तिच्यावरही होतात. तिच्यात जे निघेल ते यादीतून वजा. नव्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. बर्फाचा लांब गाभा काढला असेल तर त्याची बाहेरची साल तासून टाकतात. काही जण त्याआधी गाभ्याला बाहेरून ओळखीच्या जिवाणूंचा मुद्दाम लेप देतात. तो ओळखीचा आत सापडला, तर तासणं कमी पडलं.

हे झालं खोलातलं. पृष्ठभागावर मामला आणखी गुंतागुंतीचा, कारण तिथे वारा सतत धूळ आणून टाकत असतो. 1870 मध्ये नॉर्डेनशॉल्ड हा शोधप्रवासी ग्रीनलंडच्या बर्फावर गेला आणि त्याला काळसर गाळ तळाशी असलेली पाण्याची छोटी छोटी भोकं दिसली. त्या गाळाला त्यानं क्रायोकोनाइट म्हटलं. काळी धूळ ऊन शोषते आणि बर्फ वितळवत खाली बसते. धाग्यासारखे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर जगणारे निळे-हिरवे जिवाणू, ती धूळ गुंफून तिच्या गोळ्या करतात. आपल्या गोव्यातल्या, वास्कोजवळच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं 'हिमाद्री' हे ठाणं 2008 पासून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर आहे, आणि तिथल्या हिमनद्यांवरच्या या गाळाचा अभ्यास या केंद्रातल्या लोकांनी केला आहे.

इथे नुसता डीएनए वाचून भागत नाही. कोण हजर आहे एवढंच तो सांगतो. मेलेल्याचीही हजेरी लागते. म्हणून खुणेचा, म्हणजे नंतर वेगळा ओळखता येणारा, कार्बन घातलेल्या बाटल्या त्याच भोकात ठेवतात, एक उजेडात, एक झाकून. उजेडातल्या बाटलीत जास्त कार्बन पेशींत गेला, तर तिथे खरोखर प्रकाशसंश्लेषण चालू आहे.

ग्रीनलंडच्या नैर्ऋत्येला याच बर्फावर एक जांभळट शेवाळ उन्हाळ्यात इतकं माजतं की बर्फ काळवंडतो. 2017 च्या उन्हाळ्यात त्या भागातल्या उघड्या बर्फावरून वाहून गेलेल्या पाण्यापैकी 10 ते 13 टक्के पाणी या शेवाळामुळे वितळलं, असा अंदाज आहे. नुसत्या पाहुण्यांच्यानं एवढी उलथापालथ होत नाही.

मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र हिमालयातला आहे. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यात 'याला' नावाच्या हिमनदीवर शिरो कोशिमा या जपानी संशोधकांना एक चिलटासारखा कीटक सापडला. 1984 मध्ये त्यांनी तो जगापुढे आणला. पंख खुरटलेले, उडता येत नाही. उणे 16 अंशांतही बर्फावर चालतो. अंड्यापासून मरेपर्यंत मुक्काम हिमनदीवरच. त्याच्या अळ्या बर्फाखालच्या पाण्याच्या ओहोळांत वाढतात, आणि खातात काय, तर तिथेच उगवलेलं निळं-हिरवं शेवाळ आणि जिवाणू.