चाळीस पत्रिका

(दृश्य: फडताळातून काढलेली, कापडात गुंडाळलेली जुनी पत्रिका)

"त्यांनी सांगितलं होतं, अगदी तसंच झालं." हे वाक्य आपण घरोघरी ऐकलंय. जे तसं झालं नाही, ते कुणी सांगत नाही. खोटेपणाने नव्हे, ते लक्षातच राहत नाही.

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकरांनी ते मोजायचं ठरवलं. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे.

दावा साधा होता: मूल हुशार निघेल की त्याची बौद्धिक वाढ खुंटेल, हे पत्रिकेत दिसतं. मग दोनशे खऱ्या मुलांच्या पत्रिका मांडल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या.

(दृश्य: कुंडलीची बारा घरं, नावाच्या जागी नुसता क्रमांक)

सगळ्या मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या कुठल्याही चाळीस.

मला या प्रयोगातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की किती बरोबर आल्यावर दावा मान्य करायचा, हे उत्तरं येण्याआधी ठरलं होतं. चाळीसपैकी किमान २८. नाणं उडवून इतकी उत्तरं बरोबर यायची शक्यता शंभरात एक इतकीही नाही. निकाल पाहून मग कसोटी ठरवली, तर कुठलीही श्रद्धा पास होते.

पत्रिका मागवल्या ५१ जणांनी. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी यश सुमारे ४६ टक्के. सर्वात चांगला निकाल, २४.

आता २४ ऐकून कुणीही म्हणेल, बघा, निम्म्याहून जास्त! पण २७ माणसांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवायला द्या. त्यांच्यातल्या तिघाचौघांचे अंदाज २४ किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर येतील, अशीच अपेक्षा धरावी लागते. त्यातल्या एकाच माणसाची गोष्ट गावभर झाली, की तो "अचूक सांगणारा" ठरतो.

एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या.

(दृश्य: टेबलावर फिरत फिरत थांबणारं नाणं)

१०२ बरोबर. ९८ चूक.