निरोप घेताना वह्या कुणाकडे द्यायच्या?

(जुन्या हिंदी गाण्यांवरच्या आपल्या इंटरनेट ग्रुपच्या शेवटच्या मेळाव्यात, पुण्यात, मी जे बोलले ते एका मेंबरने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्यावरून उतरवलंय. वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? हात वर करा. बरं.

पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय लिहिलाय "रसिकांच्या नोंदींचं पुढे काय", त्यावर मी येणारच आहे, 35 मिनिटं दिलीत, पण आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू दे, कारण आज नाही बोलले तर परत कुठे बोलणार? 30 सप्टेंबरला आपल्या ग्रुपला कुलूप लागतंय.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी आज पहिल्यांदा बघतेय. चेहरे माहीत नव्हते, पण संगीतकार सज्जाद कोणाला प्राणापलीकडे आवडतो आणि सज्जादचं नाव निघालं की लगेच गुलाम मोहम्मद पुढे कोण करतं, हे मात्र वीस-बावीस वर्षं पाठ आहे. मगाशी चहाला एक गृहस्थ आले, म्हणाले, "ताई, 2006 मध्ये तुम्हाला चुकीचं ठरवणारा तो मीच." मी म्हटलं, काका, तुम्ही बरोबर होतात, पण मला पटायला 2011 उजाडलं! मग आम्ही दोघं उभ्या उभ्या इतकं बोललो की चहा गार झाला.

तर आपण आलो कुठून? आपण रेडिओची लेकरं. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली, आणि त्याच 1952 च्या 3 डिसेंबरला, बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. विविध भारती यायला 1957 चा ऑक्टोबर उजाडला. मधली पाच वर्षं घराघरात लोक रेडिओच्या काट्याशी झटापट करत बसलेले. आमच्या घरी सकाळी सिलोनचा जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम, आणि त्यात शेवटचं गाणं सैगलचं. सैगल लागला की आठ वाजत आले, आई डबा भरायला उठायची. फर्माइशीत झुमरीतलैयाचं नाव इतक्यांदा यायचं की मला ते कल्पनेतलं गाव वाटायचं, पुढे नकाशात सापडलं तेव्हा मी त्यावर बोट ठेवून बसले होते. श्रोता संघ, पोस्टकार्डं, त्यावर दहा नावं बारीक अक्षरात, तेच आपले पूर्वज.

मग 1995 च्या 15 ऑगस्टला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं. त्याच्या आधीपासूनच अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरून यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चांच्या, ग्रुपवर गाण्यांवर भांडत होती. देवनागरी टाइप करायची सोय नव्हती, म्हणून आयट्रान्स, अविनाश चोपडे यांनी केलेलं. साधी रोमन अक्षरं, स्मॉल टी म्हणजे त, कॅपिटल टी म्हणजे ट. त्या पद्धतीने लोकांनी रात्री जागून हजारो गाण्यांचे शब्द उतरवले, कुणी पैसे दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत. हे टाइप करण्याचं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कामिनीबद्दल सांगते. मागच्या लाइनीत हसायला लागले बघा, कारण सगळ्यांना माहितीये. नवीन आलेल्यांसाठी... नवीन कोणी नाहीच आहे म्हणा, तरी सांगते. 1949 चा महल. "आएगा आने वाला" च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गायलं लताबाईंनी. तर आपल्याकडे दर वर्षी, अगदी दर वर्षी, कोणीतरी नवा मुलगा यायचा, आजोबांच्या ट्रंकेत ती तबकडी सापडलेली असायची आणि तो धापा टाकत लिहायचा की मला एक अज्ञात गायिका सापडली आहे! मग ज्येष्ठ मंडळी त्याला सांगायची. चिडवून नाही हं. आधी विचारायचे, तबकडी बरी आहे का, लेबलचा फोटो टाक, मधल्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा क्रमांक, वाचता येतोय का. मग सांगायचे. मग तो मुलगा आठ दिवस नुसता वाचत बसायचा, आणि पुढच्या वर्षी कामिनी विचारणाऱ्या नव्या मुलाला तोच उत्तर द्यायचा. आपला ग्रुप असाच चालला. शेवटची कामिनी 2019 मध्ये आली. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

लोक मला विचारतात, का बंद करताय, भांडण झालं का? भांडणं तर पहिल्या आठवड्यापासून होती. सगळं सांभाळणारे दोघं होते, त्यातले एक गेले, दुसरे आज पहिल्या रांगेत बसलेत, 76 वर्षांचे आहेत आणि गेली चार वर्षं एकट्याने खर्च आणि दुरुस्ती दोन्ही करतायत. त्यांनी जानेवारीतच सगळ्यांना कळवलं की सप्टेंबरअखेर बंद करूया. नऊ महिने आधी! घरातल्या माणसाने हातपाय चालतायत तोवर कपाट आवरायला घ्यावं, तसं केलं त्यांनी. मी त्यांना इथून नमस्कार करते. टाळ्या वाजवा ना.

आता मला एक गोष्ट सांगायचीच आहे, थोडी लांब आहे.

2009 ची गोष्ट. न्यू जर्सीतून एका ताईंनी लिहिलं. आई चाळीसगावला, वय 84, आजारी. बाकी फार काही आठवत नाही, पण संध्याकाळी एक ओळ गुणगुणते, दीड ओळ म्हणा, आणि विचारते हे कुठलं गं. ताईंनी ती दीड ओळ लिहिली. बस, एवढंच. सिनेमा माहीत नाही, गायिका माहीत नाही, साल माहीत नाही. आईंनी लहानपणी जत्रेतल्या तंबूत बघितलेला सिनेमा.

आपली मंडळी सुटलीच त्यावर. पहिल्या दिवशी 40 उत्तरं, सगळी चुकीची. इंदूरच्या एका सरांनी शब्द बघून सांगितलं की बोली थोडी पूरबी आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या टेपा परत ऐकल्या, रात्रपाळी करून आल्यावर. कोणीतरी हमराजांचे गीतकोश काढले. कानपूरचे हरमंदिरसिंग हमराज, एका माणसाने ध्यास घेऊन दशकवार सगळ्या हिंदी चित्रपटगीतांची यादी केली, 1980 पासून खंड येत गेले, आपल्यासाठी तो ग्रंथ म्हणजे देव्हारा आहे. त्यात पहिली ओळ असते, आणि आजींची दीड ओळ बहुतेक अंतऱ्यातली होती, त्यामुळे तिथेही अडलं. सतरा दिवस गेले. मी ऑफिसात बसून तीच ओळ पुटपुटायचे, शेजारची बाई म्हणाली बरं वाटत नाहीये का.

आणि मग नाशिकचे आपले एक काका, ते आता हयात नाहीत, त्यांच्याकडे वडिलांनी जमवलेल्या चोपड्या होत्या. चोपड्या म्हणजे थेटराबाहेर विकायचे ते, पातळ कागद, आत कथेचा सारांश आणि गाणी. काकांनी एक एक उघडून वाचायला घेतली. तिसाच्या दशकातल्या एका सिनेमाच्या चोपडीत सहा नंबरचं गाणं, दुसरा अंतरा, तीच ओळ. एक शब्द वेगळा, बाकी तीच.

पण पुढे ऐका. त्या काळी सिनेमातल्या सगळ्याच गाण्यांच्या तबकड्या निघत नसत. आलम आरा, 1931, सात गाणी, एकाचीही रेकॉर्ड निघाली नाही आणि सिनेमाची प्रिंटही उरली नाही. तसंच हे. या गाण्याच्या रेकॉर्डचा पत्ता नाही, सिनेमाची प्रिंट कुणाला माहीत नाही. म्हणजे शब्द मिळाले, चाल कुठे? तर कॅनडाच्या डॉक्टरांनी लिहिलं, मला ते वाक्य पाठ आहे, "अहो, चाल चाळीसगावात आहे."

ताईंच्या भाच्याने जाऊन मोबाइलवर आजींचं रेकॉर्डिंग केलं. चोपडीतले शब्द वाचून दाखवले तर आजींना पुढची आणखी एक ओळ आली! एकूण 41 सेकंद. मागे कुकरची शिट्टी आहे, एक बाळ रडतंय. त्या गाण्याच्या चालीचा दुसरा पुरावा निदान आम्हा कोणाला आजवर मिळालेला नाही. आजी पुढच्या वर्षी गेल्या. सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये, घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि सांगितलं तर इथे लगेच चर्चा सुरू होईल आणि हॉल आपल्याला आठपर्यंतच मिळालाय.

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो मी अजून विषयावर आलेच नाही!

एक राग आहे तो पटकन सांगते. 1953 चा अनारकली. संगीत सी. रामचंद्रांचं, आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे अण्णांचं, त्याबद्दल माझ्याइतका अभिमान कोणाला नसेल. पण त्यातलं "आ जान-ए-वफ़ा", गीता दत्तचं, ते वसंत प्रकाश यांचं. आधी संगीत त्यांच्याकडे होतं, एक गाणं राहिलं. गाणी ऐकवणाऱ्या एका ॲपवर ते सरसकट अण्णांच्या नावावर आहे. मी किती वेळा कळवलं असेल! दर वेळी तेच छापील उत्तर, आपला अभिप्राय मोलाचा आहे. एका माणसाचं त्या सिनेमात एकच गाणं उरलंय, तेही त्याच्या नावावर नको? मला खरंच वाईट वाटतं. अण्णांचं काही कमी होत नाही त्याने. ही दुरुस्ती कुठे लिहिलेली आहे? आपल्या ग्रुपवर, चार लोकांनी चार पुराव्यांसकट. आणि ती 30 तारखेला जाणार.

तर आता मुद्दा, भरभर सांगते.

गाणी राहतील. गाणी कोण पुसतंय, लाख ठिकाणी आहेत. जाईल तो गाण्यांभोवतीचा पत्रव्यवहार. आणि हे आपल्या एकट्यांचं नाही. जिओसिटीज 26 ऑक्टोबर 2009 ला गेलं, लोकांची घरी बनवलेली पानं त्यात होती. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020. 20 फेब्रुवारी 2024 ला अमीन सायानी गेले, सगळीकडे बातम्या आल्या, आणि दोनच दिवसांनी, 22 ला, गूगलने यूजनेटचं नवीन लिखाण घेणं बंद केलं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. ज्यांनी गाणी ऐकवली आणि जिथे आपण त्यावर बोलायला शिकलो, दोन्ही एकाच आठवड्यात.

म्हणून म्हणते, घेऊन ठेवायचं ते साध्या टेक्स्टमध्ये. मगाशी आयट्रान्सचं सांगितलं ना, नव्वदीतल्या त्या फाइली आजही उघडतात, कारण नुसती साधी अक्षरं. आणि माझ्याच कपाटातल्या सीडीवर शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी याद्या आहेत, त्या उघडल्या की नुसता कचरा दिसतो. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं, करून घ्या, मी करून देईन, संध्याकाळी कधीही फोन करा.

दुसरं, प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली ते लिहायचं. रेकॉर्डच्या लेबलवरून, चोपडीवरून, पडद्यावरच्या नावांवरून, का नुसतं आठवणीतून. आठवण कमी दर्जाची म्हणून गाळायची नाही, आजींची 41 सेकंद आठवणच आहेत. आणि चुका पुसायच्या नाहीत हं. 2006 ची माझी चूक आणि काकांची दुरुस्ती शेजारी शेजारी राहू द्या, त्यातूनच पुढच्याला कळेल की हे ठरलं कसं.

तिसरं, प्रती. एक नाही, निदान तीन, वेगवेगळ्या गावांत, आणि त्यातली एक तरी चाळिशीच्या आतल्या माणसाकडे. वाईट वाटून घेऊ नका, हिशोब आहे. लॉ कॉलेज रोडवर आपलं फिल्म अर्काइव्ह आहे, 1964 पासून, त्यांच्याकडे चोपड्या आहेत, तर चोपड्यांवरचा हा पत्रव्यवहार घ्याल का म्हणून आपण लेखी विचारूया, अर्ज मी लिहिते, सह्या आज इथेच करा, दाराशी वही ठेवलीये. आणि ज्याने जे लिहिलं ते त्याचं. प्रत्येकाला विचारूनच द्यायचं, गेलेल्यांच्या घरी फोन करून विचारायचं. नाशिकच्या काकांच्या सूनबाईंशी मी बोलले, त्या म्हणाल्या चोपड्या अजून माळ्यावर आहेत, येऊन बघा. तर दसऱ्याआधी कोण येतंय माझ्याबरोबर नाशिकला? चार हात वर झाले, पाच. एका गाडीत मावतो आपण.

परत चिठ्ठी. हो हो, संपवते.

एकच शेवटचं. चाळीसगावच्या आजींचं रेकॉर्डिंग आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलंय, म्हणजे त्याबद्दल वाचलंय, ऐकलं फारच थोड्यांनी. काल रात्री न्यू जर्सीहून त्यांच्या मुलीचं मेल आलं, उद्या सगळ्यांना ऐकवा म्हणून. आवाज फार बारीक आहे. कोणी जरा ते पंखे बंद कराल का?