तिथी पाहून समुद्राला

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात उन्हाळी सुटीच्या आधी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या इंदूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, समुद्रसपाटीपासूनची उंची. साडेपाचशे मीटरच्या आसपास. लहानपणी मला वाटायचं की आपला आणि समुद्राचा संबंध काय तो एवढाच. आपल्याकडे पाणी म्हणजे यशवंत सागर, पातालपाणी, फार तर ओंकारेश्वरचा घाट. त्या पाटीवरची ‘सपाटी’ ही काय चीज आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. समुद्र कधीच सपाट नसतो. वर्षानुवर्षांची भरती-ओहोटी मोजून जी सरासरी निघते, तिला आपण सपाटी म्हणतो.

आज मला कोकणातल्या पुळणींबद्दल, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यांबद्दल, बोलायला सांगितलंय. कुठली पुळण सुंदर, सुटीत कुठे जावं, वगैरे. तशी यादी मोबाईलवर कुणीही काढून देईल. मी तीस वर्षं कोकणात जातोय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की नुसतं गाव ठरवून भागत नाही, वेळ ठरवावी लागते. हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. गाडी बुडता बुडता सुचलंय, तेच आधी सांगतो.

2004 साली आम्ही दोन कुटुंबं दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजले होते. वाळू ओली, पण सिमेंटसारखी घट्ट, आणि पाणी इतकं लांब की मुलांना तिथवर पळत जाऊन दम लागला. मीच म्हणालो, घ्या गाडी खाली. घेतली. सतरंजी अंथरली, बरोबर आणलेली शेव-चिवड्याची पाकिटं फोडली. मागे माडांच्या वरून चंद्र आला. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला, तेव्हा चंद्र आपल्या पाठीमागून, जमिनीकडून येतो. आम्ही सगळे वळून त्याच्याकडे बघत बसलो. समुद्राकडे पाठ!

पाणी सुरुवातीला अगदी सावकाश चढतं. भरतीचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच पाणी वाढतं. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. तासभर बघून माणूस म्हणतो, छे, अजून वेळ आहे. आठ वाजून गेले तेव्हा मागच्या चाकांखालची वाळू लापशीसारखी झाली होती. गाडी सुरू केली की चाक जागच्या जागी फिरे आणि वीतभर खाली जाई. गावातून चार माणसं, एक दोरखंड आणि बैलजोडी आली म्हणून निभावलं. त्यांच्यातले एक आजोबा ना रागावले, ना हसले. गाडी वर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, “आज तिथी कोणती?”

पौर्णिमा होती. चंद्र समोर असून मला ते सांगता आलं नाही.

मग त्यांनी पायरीवर बसून हिशेब शिकवला, तो तुम्हाला देतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, तेव्हा पूर्ण भरती तीनला. दुपारी तीनला आणि रात्री तीनला. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे आमच्या त्या पौर्णिमेला सहा वाजता समुद्र सगळ्यात मागे गेलेला होता आणि तिथून तो फक्त पुढेच येणार होता. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी लागते. पण सहल आखायला हा हिशेब पुरेसा आहे. शुक्ल पक्ष काय, कृष्ण पक्ष काय, सारखाच. आणि आपल्याकडे शेजारच्या शर्माजींच्या पंचांगात कृष्ण पक्षात महिन्याचं नाव वेगळं असतं, त्याने गोंधळू नका. महिना वेगळा, तिथी तीच.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या मागेपुढे पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही, तो भांग. उत्तरेकडे हा चढउतार मोठा. खंबायतच्या आखातात, नरसाळ्यासारख्या निमुळत्या जागेत पाणी कोंडतं म्हणून, तो दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईला उधाणाचा फरक चार-साडेचार मीटर, मालवणला दोन-अडीच.

आता या हिशेबावर गावं लावून बघू.

हेदवीपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. गुहागर तालुक्यातलं हे गाव दशभुज गणपतीसाठी प्रसिद्ध. आपल्या इंदूरच्या किती घरांतली माणसं तिथे कुळाचाराला जाऊन आली असतील! देवदर्शन करून बहुतेक जण परस्पर वेळणेश्वरला निघून जातात. समुद्रावर उमामहेश्वराचं छोटं देऊळ आहे, त्याच्या मागे काळ्या कातळात एक अरुंद चीर आहे, बामणघळ. ओहोटीला बघाल तर म्हणाल, यात काय बघायचंय? तळाशी थोडं पाणी, शेवाळं, इकडेतिकडे पळणारे खेकडे. मी पहिल्यांदा असंच बघून, नाक मुरडून परत आलो होतो. दुसऱ्या खेपेला अमावास्या साधली आणि साडेअकराला जाऊन उभा राहिलो. लाट कातळावर आपटत नाही, ती त्या चिरेत शिरते. आत शिरल्यावर क्षणभर काहीच नाही. मग पायाखालच्या दगडात एक दणका जाणवतो, कानाला ऐकू येण्याआधी तळव्याला. आणि पाण्याचा खांब सरळ वर उठतो, वरच्या वर फुटतो, आणि चष्म्यावर खारट थेंब. सात-आठ लाटा फुसक्या जातात, मग एक अशी येते. कडेला जाऊ नका, ओल्या कातळावर पाय ठरत नाही. लांबूनही अंगावर येतंच.

याच्या बरोबर उलट हरिहरेश्वर. देवळामागे पायऱ्या उतरून कातळातल्या फटीतून खाली समुद्राशी जाता येतं आणि डोंगराला वळसा घालून प्रदक्षिणा पुरी करता येते. तिथे लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कातळाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत, ती बघण्यासारखी आहेत. पण ही वाट ओहोटीचीच. भरतीत तिथे माणसं ओढली गेली आहेत. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सहाची ओहोटी गाठायला जाऊ नका, परतताना अंधार आणि चढतं पाणी दोन्ही गाठतात. चतुर्थी-पंचमीची सकाळ बघा, नऊ-साडेनऊला पाणी उतरलेलं असतं. तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय मात्र तेव्हाही उतरायचं नाही.

शेजारचं श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथांचं गाव. ज्या पेशवे घराण्यामुळे मल्हारराव माळव्यात आले आणि त्यांच्या मागोमाग आपले पणजोबा-खापरपणजोबा, त्या घराण्याचं मूळ त्या पुळणीवर. तेवढ्यासाठी तरी एक संध्याकाळ द्या. वाळू करडी-काळपट आहे, ‘गोव्यासारखी नाही’ म्हणून तक्रार करू नका. उत्तर कोकणाचा खडक आपल्या माळव्यासारखाच काळा कातळ, त्याची वाळू पांढरी कुठून होणार? रत्नागिरीच्या आसपास वाळूवर लोहचुंबक फिरवलात तर काळे कण मिशीसारखे चिकटतात, मुलांना हा खेळ फार आवडतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे खडक बदलतो, शिंपल्यांचा चुरा मिसळतो आणि वाळू उजळ होते. मे महिन्यात दुपारी काळ्या वाळूवर अनवाणी जाऊ नका, एवढं लक्षात ठेवा.

गणपतीपुळ्याबद्दल जरा परखड बोलतो. पुळण सुरेख, देऊळ अगदी पाण्याशी. आपण जातो कधी? चतुर्थीला. दर्शनाची रांग, मग जेवण, मग तीन-साडेतीनला सगळं कुटुंब पाण्यात. आता पाऊणपट करा. चतुर्थीची भरती तीनला पूर्ण होते. म्हणजे आपण भरल्या पोटी पाण्यात उतरतो ते नेमकं समुद्र परत फिरायला लागतो तेव्हा! शिवाय तिथला उतार तीव्र आहे, चार पावलांत कंबरेएवढं पाणी. लाटांच्या रांगेत जिथे एखादी खिंड दिसते, लाट फुटत नाही, पाणी जरा गढूळ आणि शांत वाटतं, तिथे पोरं हमखास जातात. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच मागे जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. हात वर करा, आणि पोहता येत असेल तर आडवे, किनाऱ्याला समांतर सरका. ओढ फार रुंद नसते. पुळ्याहून रत्नागिरीला येताना मात्र सागरी रस्त्यानेच या. आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवा. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन पुळणी, पुढे सुरूचं बन. वरून बघून समाधान होतं, उतरलंच पाहिजे असं नाही.

मला स्वतःला लांबलचक चौपाट्यांपेक्षा दोन टेकड्यांच्या बेचक्यात अडकलेल्या छोट्या पुळणी जास्त भावतात. जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी सपाट पठारं, समुद्रापर्यंत येऊन एकदम कड्यासारखे तुटतात, आणि दोन कड्यांच्या मध्ये जिथे एखादा वहाळ उतरतो तिथे ओंजळभर वाळू साठते. एका नजरेत मावेल एवढी. गुहागरजवळचं बुधल तसं आहे. वेंगुर्ल्याकडची निवती तशी आहे. निवतीच्या पडक्या किल्ल्यावर चढा, एका बाजूला भोगव्याची पांढरी पुळण आणि माडांची रांग दिसते, दुसऱ्या बाजूला कोळ्यांच्या होड्या. या पुळणी म्हणजे त्या लोकांचं अंगण आहे. आपण जाळ्यांवर पाय देत, बाटल्या टाकत फिरतो, आणि इंदूरला येऊन स्वच्छतेच्या पहिल्या नंबराच्या गप्पा मारतो.

तळाशील-तोंडवळीला एकदा पहाटे रापण बघितली. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. होडीने अर्धवर्तुळ करून जाळं टाकलेलं, त्याच्या दोरांची दोन टोकं किनाऱ्यावर. दोन रांगा, पंधरा-वीस माणसं, दोर धरून पाठीमागे एकेक पाऊल. कुणी हुकूम देत नव्हतं, पण पावलं एकत्र पडत होती. मीही धरला दोर. पाच मिनिटांत तळहात सोलले. तासाभराने रांगा एकमेकींजवळ आल्या, पाणी चमकायला लागलं, घारी आणि कावळे उतरले, आणि जाळ्याच्या खोळात तारली, थोडे बांगडे, बरेच खेकडे. वाटणी झाली तेव्हा दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा. मलाही चार बांगडे. मी शाकाहारी! घरमालकीण काकूंना नेऊन दिले, तर त्या म्हणाल्या, “मोठे बघून आणलेत हो.”

तारकर्ली, देवबाग तुम्हाला माहीत आहेच, त्यावर वेळ घालवत नाही. सिंधुदुर्ग किल्ला बघा, तिथल्या पाण्यात प्रवाळ आहे, त्यावर उभं राहू नका. पावसाळ्यात होड्या बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सवड असेल तर वेळासला जा. नाना फडणवीसांचं गाव. तिथे कासवांची अंडी कुंपणात जपतात, आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडतात. टोपली उचलली जाते, खाली मूठभर काळी पिल्लं. वाळूत एखादं पाऊल उमटलेलं असलं तर त्या खळग्यातून वर यायला पिल्लाला अर्धं मिनिट लागतं. सगळे श्वास रोखून उभे असतात. पिल्लं निघतील याची हमी मात्र कुणी देत नाही. आम्ही दोनदा रिकाम्या टोपल्या बघून आलो.

मघाशी एक ताई विचारत होत्या, आठ दिवसांत किती ठिकाणं होतील? रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, तिथून पुढे कोकण रेल्वे, यातच जाऊन-येऊन तीन दिवस गेले. उरलेल्या पाचांत दोन गावं. तीन नकोत. एकाच पुळणीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ जा, ती तीन वेगळ्या पुळणी दाखवेल.

आणि खाण्याचं विचाराल, तर शाकाहाऱ्याची तिथे काही अडचण होत नाही. कुळथाचं पिठलं, आंबोळी, फणसाची भाजी, सोलकढी, सगळं मिळतं. सकाळी पोहेही मिळतील. ओल्या खोबऱ्याचे दडपे पोहे, चवीला उत्तम. पण जिलेबी मागू नका, आणि शेव तर मुळीच नाही. एक पाकीट बॅगेत ठेवा. गाडी वाळूत उतरवायची नसली, तर निवांत खाता येईल.